काजूची बी कुठे फोडायची?

माझी एक जुनी विद्यार्थिनी गेल्या महिन्यात पेढे घेऊन घरी आली. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाच्या उद्योग मंत्रालयात दोन वर्षांसाठी अर्थतज्ज्ञ म्हणून तिची निवड झाली आहे. वय सत्तावीस. कुडाळजवळच्या एका गावची, पुण्यात एम.ए. झालेली, हट्टाने फ्रेंच शिकलेली. तिची आई गेली अठरा वर्षं काजूच्या कारखान्यात कटरवर बी फोडते.

पेढा हातावर ठेवून ती म्हणाली, "मॅडम, मला तिथे काजूचंच काम दिलंय. कच्ची बी देशाबाहेर न जाता तिथेच कशी फोडली जाईल, हे बघायचं. म्हणजे आईच्या कारखान्यात येणारी पोती मीच थांबवायची. जाऊ ना मी?"

मी तिला "जा" म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. का जा, आणि तिथे जाऊन काय करू नकोस, हे नीट सांगायचं राहून गेलं. अशा नोकऱ्या आता आपल्याकडच्या बऱ्याच मुलामुलींना खुणावतायत. लंडनच्या ओव्हरसीज डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटची फेलोशिप 1963पासून तरुण अर्थतज्ज्ञांना अशा सरकारी खात्यांत दोन-दोन वर्षांसाठी पाठवत आली. त्याशिवाय जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, खासगी सल्लागार कंपन्या आहेतच. या करिअरबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते पगार, व्हिसा आणि पुढे कुठे संधी मिळेल एवढ्यावर थांबतं. मला त्या कामाबद्दल बोलायचंय.

आधी शेडमध्ये चला. आपल्या काजूचा हंगाम मार्च ते मे. पावसाळा लागला की इथली बी संपत येते आणि कारखाना बाहेरच्या बीवर चालतो. आयव्हरी कोस्ट, बेनिन, गिनी-बिसाऊ इथली बी फेब्रुवारी ते जूनमध्ये निघते, टांझानिया-मोझांबिकची ऑक्टोबरनंतर. ऐंशी-ऐंशी किलोची तागाची पोती येतात. बी वाफेवर उकडायची, पसरून गार करायची, मग कटरवर घ्यायची. दोन पात्यांच्या मध्ये बी उभी धरायची, पायाने दांडा दाबायचा, हाताने उकलायचं. टरफलातलं तेल कातडी जाळतं म्हणून बायका हाताला राख किंवा एरंडेल चोळतात, तरी बोटं काळी पडतातच. मग गर भट्टीत सुकवायचा, साल काढायची, निवडायचा. डब्ल्यू 320 म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त 320 अख्खे गर. गर तुटला की भाव उतरला. अख्खा किती निघाला आणि तुकडा किती, यावर कारखानदाराचा नफाही ठरतो आणि बाईची मजुरीही.

हे इतकं बारीक सांगायचं कारण मोझांबिक.

काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो जसा गोव्यात आणला तसाच मोझांबिकमध्येही नेला, म्हणजे ती झाडं आणि आपली झाडं एका घरच्या दोन बहिणी म्हणायला हरकत नाही. 1960च्या दशकात मोझांबिक काजू पिकवण्यात जगात पहिलं होतं, आणि बी देशातच फोडणारे मोठे कारखाने तिथे होते. 1975मध्ये स्वातंत्र्य मिळालं, त्यानंतर यादवी युद्ध 1992पर्यंत चाललं. झाडं म्हातारी झाली, नवी लावली गेली नाहीत, व्यापारी पळाले. कारखाने सरकारी झाले होते, ते 1990च्या दशकाच्या मध्यात देशातल्याच उद्योजकांना विकले गेले. त्यांनी कारखाने घेतले, कर्जं काढली, आणि नेमक्या त्याच वेळी जागतिक बँकेची अट आली: कच्च्या बीवरचा निर्यात कर उतरवा.

अटीमागचं गणित कागदावर चोख होतं. निर्यात कर असला की कच्च्या बीला देशात भाव कमी मिळतो. बी पिकवणारी लाखो गरीब शेतकरी कुटुंबं, कारखान्यात कामाला जेमतेम दहा-बारा हजार माणसं. कर काढा, बी भारतात जाऊ द्या, शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळतील. कर उतरला. बी जहाजात बसून आपल्याकडे आली. तिकडचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि 2001पर्यंत या धंद्यातले बहुतेक कामगार घरी बसले. अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2002मध्ये याचा हिशेब मांडला. काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाचा फायदा निघाला वर्षाला फार तर 5 डॉलर 30 सेंट. भाववाढीचा मोठा भाग मधल्या व्यापाऱ्यांकडे राहिला. मोझांबिकच्या संसदेने 1999मध्ये कायदा करून कर पुन्हा 18 ते 22 टक्क्यांच्या पट्ट्यात नेला, पण तोवर बंद कारखान्यांत गंज चढला होता.

ही गोष्ट साधारणपणे इथेच संपवतात आणि जागतिक बँकेला चार शब्द सुनावतात. मला त्यापुढचं महत्त्वाचं वाटतं. ते कारखाने खरंच मोडकळीला आलेले होते. मोठमोठ्या यंत्रांत बी आपटून फोडायची पद्धत होती आणि त्यात गर फार तुटायचा. आपल्याकडे बाई हाताने एकेक बी फोडते, तिच्या हातून अख्खा गर जास्त निघतो. म्हणूनच भारतातला कारखानदार बीला जास्त भाव देऊनही नफ्यात राहत होता. 2001नंतर नाम्पुला प्रांतात लहान कारखाने पुन्हा उभे राहिले ते उकडून हाताने फोडायच्या, आपल्यासारख्याच पद्धतीवर. म्हणजे दुखणं कटरपाशी होतं आणि मोझांबिकची राजधानी मापुतो ते जागतिक बँकेचं वॉशिंग्टन वर्षानुवर्षं भांडण चाललं ते कराच्या दरावर. दोन्ही बाजूंचे सल्लागार शिकलेले होते, हुशार होते. शंभर किलो बीतून अख्खा गर किती निघतो आणि तो वाढवायला काय करावं लागेल, हा प्रश्न वेळेवर केंद्रस्थानी आला असता, कराची मुदत त्या बदलाशी बांधली असती, तर दहा हजार घरांतली चूल विझली नसती असं मला मनापासून वाटतं.

माझ्या विद्यार्थिनीला हा प्रश्न विचारायला कुठल्याही विद्यापीठाने शिकवलेलं नाही. तिने तो जेवताना ऐकला आहे. आज किती फोडली, तुकडा किती पडला, मुकादमाने किती कापले. माझ्या मते तिच्या एम.ए.पेक्षा हे भांडवल मोठं आहे, आणि ती मुलाखतीत ते सांगायला लाजली याचं मला वाईट वाटलं.

आता दुसरा देश घ्या, आपल्या ओळखीचा. मॉरिशस. रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड), साताऱ्याकडून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्या माणसांची नातवंडं-पतवंडं तिथे आजही मराठी भजनं म्हणतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. 1961मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाचा अभ्यास केला. पुढे 1977मध्ये त्यांना नोबेल मिळालं, म्हणजे माणूस सामान्य नव्हता. उसाशिवाय काही नाही, लोकसंख्या भराभर वाढतेय, वेगवेगळ्या वंशांचे लोक एकत्र, शांततेने विकास होण्याची आशा कमी, असा त्यांचा सूर होता. 1968मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा बेकारी तशीच होती. मार्ग सुचवला तो तिथल्याच एका प्राध्यापकाने. एडुआर लिम फॅट तैवान आणि पोर्तो रिकोतले निर्यात विभाग पाहून आले आणि त्यांनी निर्यात प्रक्रिया क्षेत्राची कल्पना मांडली. डिसेंबर 1970मध्ये कायदा झाला. कल्पना उसनी होती, पण त्यांनी ती बेटाच्या अंगाने बेतली. कुंपण घालून एकच वसाहत केली नाही, बेटावरच्या कुठल्याही गावातला कारखाना निर्यात करत असेल तर त्याला सवलत दिली, म्हणजे बायकांना घर सोडून लांब जावं लागलं नाही. साखरेला चांगला भाव मिळाला तेव्हा ऊसमळेवाल्यांचा पैसा याच कारखान्यांत आला. हाँगकाँगचे कपडेवाले युरोपातल्या कोट्यासाठी, म्हणजे किती कपडे तिथे पाठवता येतील याच्या ठरलेल्या वाट्यासाठी, आले. 1990च्या सुमाराला या क्षेत्रात 90 हजारांच्या आसपास माणसं काम करत होती, त्यात बायकाच जास्त. त्यांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी देण्याची कायद्यात सोय होती, हेही लिहायलाच हवं. 1 जानेवारी 2005 रोजी कापडाचे जागतिक कोटे संपले तेव्हा अनेक कारखाने बंद पडले. पण तोवर पस्तीस वर्षं गेली होती, एक पिढी शिकली होती, आणि देश पर्यटन-बँकिंगकडे वळू शकला.

मीड पाहुणे होते. लिम फॅट यांना तिथेच म्हातारं व्हायचं होतं. अकलेत दोघांची तुलना करण्यात अर्थ नाही, पण आपल्या सल्ल्याचं पुढे काय होतं ते रोज डोळ्यांसमोर दिसणार असेल तर माणूस सल्ला वेगळा देतो.

माझा खरा आक्षेप इथे आहे. तरुण सल्लागाराच्या करिअरची शिडी अशी बांधली आहे की टिकून राहणाऱ्याला तोटा आणि सरकत राहणाऱ्याला बढती. दोन वर्षं एका मंत्रालयात, मग दुसरा देश, मग लंडन किंवा वॉशिंग्टन. सीव्हीत ओळ पडते की अमुक देशाच्या औद्योगिक धोरणाचा मसुदा तयार केला. मसुदा दोन वर्षांत होतो. कारखाना नीट चालायला दहा-पंधरा वर्षं लागतात. बाजूच्या टेबलावर जो स्थानिक अधिकारी बसतो तो तिथे बारा वर्षं असतो, तिन्ही मंत्र्यांचे स्वभाव ओळखतो, बंदरात कंटेनर कुठे आणि का अडतो ते त्याला माहीत असतं, आणि त्याचा पगार पाहुण्याच्या पगाराच्या पासंगालाही पुरत नाही. पाहुणा गेल्यावर अहवाल कपाटात जातो आणि दुसरा पाहुणा नवा अहवाल लिहायला घेतो. मी स्वतः एकदा एका सरकारी अभ्यासगटात होते. आमच्या आधीच्या गटाचा अहवाल आम्हाला आमचं काम संपल्यावर सापडला. त्यात आम्ही लिहिलेलं निम्मं होतं. आफ्रिकेतल्या मंत्रालयांत हे किती सहज होत असेल, याची मला त्यावरून कल्पना करता येते.

इथिओपियात धोरण आखणारे घरचेच होते. पंतप्रधान मेलेस झेनावी आणि त्यांच्यानंतर सल्लागार म्हणून अर्केबे ओकुबाय यांनी पूर्व आशियाचा अभ्यास करून कारखानदारीचा ध्यास घेतला. हवासा इथलं औद्योगिक पार्क चिनी कंपनीने नऊएक महिन्यांत बांधलं आणि जुलै 2016मध्ये सुरू झालं. 52 शेड, सांडपाण्याचा थेंब तळ्यात जाऊ नये अशी यंत्रणा, अमेरिकेची पीव्हीएच ही बडी कपडे कंपनी, आपल्या रेमंडचंही एक युनिट. सगळं होतं. पण आजूबाजूच्या सिदामा भागातल्या खेड्यांमधून येणाऱ्या हजारो मुली राहणार कुठे, याचं उत्तर शेडइतक्या वेगाने बांधलं गेलं नाही. 2019च्या सुमाराला मूळ पगार महिन्याला 26 डॉलर होता. एका खोलीत चौघीचौघी राहून, भाडं आणि जेवण भागवून हाती काही उरेना, तेव्हा मुली भराभर सोडून जाऊ लागल्या आणि कारखाने नवख्या हातांवर चालू राहिले. मग देशाच्या उत्तरेला तिग्राईचं युद्ध पेटलं. नोव्हेंबर 2021मध्ये पीव्हीएचने गाशा गुंडाळला आणि 1 जानेवारी 2022पासून अमेरिकेने इथिओपियाच्या मालाला दिलेली आयात-करमाफी थांबवली. युद्धाला सल्लागार काय करणार? काही नाही. पण खोलीच्या भाड्याचा हिशेब करता आला असता. तो कारखान्याच्या हिशेबातच धरायचा असतो.

कुणी विचारेल, आफ्रिकेत लिम फॅट आणि अर्केबे यांच्यासारखी माणसं आहेत तर आपल्या मुलांनी तिथे जायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे. सल्ला द्यायला जाऊ नये, हाताखाली काम करायला जावं, असं माझं म्हणणं. सीमाशुल्काच्या आकड्यांची जुळणी, विजेच्या दराचा तक्ता, मंत्र्यासाठी दोन पानी टिपण, कारखान्याला भेट देऊन लिहिलेली वही. ही कामं कंटाळवाणी आहेत आणि माणसं कमी असलेल्या खात्यात तीच अडून राहतात. जगाच्या कारखानी उत्पादनात अख्ख्या आफ्रिकेचा वाटा 2 टक्क्यांच्या आसपास घुटमळतोय. तो वाढवणारी माणसं तिथली असतील. आपली मुलगी त्यांच्यातल्या कुणाच्या तरी कामाला हातभार लावून आली आणि दोनाऐवजी सहा वर्षं राहिली, तर ते मला पुरे आहे.

आता तिचा मूळ प्रश्न, जो टाळून मी चहाच्या आड दडले. बेनिनने 1 एप्रिल 2024पासून कच्च्या काजूची निर्यात बंद केली आणि कोटोनूजवळच्या ग्लो-जिग्बे औद्योगिक क्षेत्रात कारखाने उभे केले. गॅबॉनने 2010मध्ये न कापलेल्या ओंडक्यांवर अशीच बंदी घातली, तेव्हा भारतीय प्लायवुड कंपन्याही तिकडे कारखाने टाकायला गेल्या. उद्या आयव्हरी कोस्टने हेच जोरात केलं तर वेंगुर्ला, चंदगड, गोवा, कोल्लम सगळीकडे पावसाळ्यात कटर थांबतील. आणि आपण काय करतो? 2018च्या अर्थसंकल्पात कच्च्या बीवरचं आयात शुल्क 5 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आणलं, 2019मध्ये गरावरचं 45वरून 70 टक्क्यांवर नेलं. म्हणजे बी द्या, फोडलेला गर नको. आपल्या बायकांचं काम वाचवायला हे केलं, हे मला कळतं. पण मँचेस्टरला कापूस जायचा आणि तिथून कापड यायचं, हे आपण शाळेत तळतळून शिकलो. त्याच वाटेवर समोरचा उभा असताना आपल्याला ते दिसू नये, हे बरोबर नाही.

बंदी हा रामबाण उपाय आहे असं मी म्हणत नाही. एका रात्रीत बंदी घातली आणि फोडायची सोय नसली तर बीचा भाव पडतो, शेतकरी नाडला जातो आणि रात्री ट्रक सीमेपलीकडे जातात. मोझांबिकच्या वेळी जागतिक बँकेला वाटलेली शेतकऱ्याची काळजी खोटी नव्हती. म्हणूनच बंदी किती, कधी, आणि त्याआधी किती कटर, किती शिकलेले हात, हे शेडमध्ये उभं राहून मोजणारं माणूस तिथे हवं. आमच्या मुलीने ते प्रामाणिकपणे मोजावं, जिल्ह्याचं हित मनात धरून आकडे वाकवू नयेत. असा वाकवलेला सल्ला देणाऱ्या पाहुण्यांचा आफ्रिकेला भरपूर अनुभव आहे.

आणि इथलं काय? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला 4, वेंगुर्ला 7 सारख्या जाती दिल्या, तरी कितीतरी बागांत अजून जुनी रायवळ झाडं उभी आहेत. बोंडू अर्धेअधिक जमिनीवर कुजतात. बाहेरच्या स्वस्त बीमुळे इथल्या बीला भाव मिळत नाही, अशी आमच्या बागायतदारांची दर वर्षीची ओरड असते. ती बी येणं कमी झालं तर त्यांना भाव मिळेल, पण कारखान्याला वर्षभर पुरेल एवढी बी पिकवायला आजपासून कलमं लावावी लागतील. कलमाला पहिलं चांगलं पीक यायला चार-पाच वर्षं जातात. पोती बंद झाल्यावर लावून उपयोग नाही.

परवा तिच्या घरी गेले होते. आई नुकतीच कामावरून आली होती, विहिरीवर हात घासत होती. मुलगी काय काम करायला चालली आहे ते मी तिला पुन्हा एकदा स्पष्ट सांगितलं. आपली पोती कमी होतील, तुझं काम जाऊ शकतं, हेही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग पदराला हात पुसत तिने लेकीकडे बघून विचारलं, "थंय बायांका फोडूक किलोमागे काय देतत गो?"

मुलीने तो प्रश्न वहीत लिहून घेतला.